नारोशंकराच्या घंटेच्या काळातलं संगीत



आज जरा लांबच्या देशातल्या वाद्यसंगीताबद्दल बोलायचं आहे, पण निघायचं मात्र आपल्या गोदाघाटावरूनच. दुतोंड्या मारुतीपासून चार पावलांवर नारोशंकराचं मंदिर आहे. खरं नाव रामेश्वराचं, पण ते कुणी घेत नाही. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी ते १७४७ साली बांधलं. मालेगावचा किल्लाही त्यांचाच. या मंदिराच्या नदीकडच्या तटावर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. पूर आला की पाणी कुठवर चढलं ते आपण दुतोंड्या मारुतीवरून मोजतो, आणि घंटेकडे बघून म्हणतो, अजून हिला काही झालेलं नाही.

ही घंटा देवळासाठी घडवलेलीच नाही. ती पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पांनी मे १७३९मध्ये वसईचा किल्ला घेतला, त्या विजयाची खूण म्हणून ती नाशकात आली. वसई पडल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रात ठिकठिकाणी गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यापाशी नदीकाठी आहे, तिच्यावर तर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि साल आहे १७०७. आपल्या घंटेवरचं साल १७२१.

या १७२१ सालाने माझं डोकं बरेच दिवस खाल्लं. त्या साली ही घंटा ओतणाऱ्या लोकांच्या कानावर आणखी काय पडत असेल? चर्चमधून, राजवाड्यांतून कोणती वाद्यं वाजत असतील? आपल्याकडे तेव्हा शाहू महाराज साताऱ्याला गादीवर होते, पहिल्या बाजीरावांना पेशवाई मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. आणि तिकडे युरोपात त्याच वर्षी, २४ मार्चला, योहान सेबास्टियन बाख नावाचा एक दरबारी संगीतकार आपल्या सहा रचनांची सुबक हस्तलिखित प्रत ब्रांडेनबुर्गच्या एका सरदाराला भेट म्हणून पाठवत होता. आज जगभर त्या ‘ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो’ म्हणून वाजतात. म्हणजे आपली घंटा आणि त्या रचना एकाच वयाच्या.

त्या काळाला बारोक म्हणतात. साधारण १६०० ते १७५० ही दीडशे वर्षं. हा शब्दही पोर्तुगीज मुळाचा मानतात. ‘बारोक्कू’ म्हणजे नीट गोल न झालेला, ओबडधोबड मोती. आपण बायका मोती निवडताना जो बाजूला टाकतो, तो. पुढच्या पिढीला हे संगीत फार नक्षीचं, वेडंवाकडं वाटलं, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. टोमणाच होता तो. (पोर्तुगीजांचे शब्द आपण काय कमी वापरतो? बटाटा, साबण, चावी, बादली, पगार. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात पोर्तुगीज चाललेलं असतं.)

आता मुख्य शब्द, सोनाटा. इटालियन भाषेत ‘सोनारे’ म्हणजे वाजवणं आणि ‘कान्तारे’ म्हणजे गाणं. जे गायचं ते कान्ताता, जे वाजवायचं ते सोनाटा. इतकं साधं. पण हा शब्द वेगळा काढावा लागला, यातच त्या काळाची मोठी गोष्ट आहे. त्याआधी वाद्यांचं काम मुख्यतः गळ्याच्या मागे जाण्याचं किंवा नाचाला ठेका देण्याचं. आपल्याकडे सारंगी, पेटी साथीला बसते तसं. सोनाट्यात वाद्य पहिल्यांदा पुढे येऊन बसलं. शब्द नाहीत, देवाची स्तुती नाही, कथा नाही. नुसते सूर, आणि तरीही ऐकणारा दहा-बारा मिनिटं जागचा हलत नाही. तेव्हाच्या लोकांनाही हे चमत्कारिक वाटलं. शब्दच नाहीत तर अर्थ कशाचा घ्यायचा, असं म्हणणारी मंडळी अठराव्या शतकातही होती. आपल्याकडे अजून आहेत. सतारीची मैफल सुरू असताना शेजारचा गृहस्थ ‘हे कोणतं गाणं?’ विचारतो, तो त्यातलाच.

सोनाट्याचे दोन प्रकार होते. एक चर्चचा, त्यात हळू, जलद, पुन्हा हळू, पुन्हा जलद असे चार भाग. दुसरा दिवाणखान्याचा, त्यात वेगवेगळ्या नाचांच्या चाली ओळीने गुंफलेल्या. सगळ्यात आवडीचा बाज होता त्रयी-सोनाटा. वर दोन व्हायोलिनं, एकमेकींना पकडत, सोडत, सवाल-जवाब करत, आणि खाली खर्जाची एक ओळ. नाव त्रयी, पण वाजवणारे मात्र बहुधा चार. कारण खर्जाची ओळ चेलोवर एक जण वाजवी आणि त्याच ओळीवरून हार्पसिकॉर्डवाला आपले सूर भरत जाई. हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोसारखं, पण आत हातोडी नाही. पिसाच्या काडीने तार छेडली जाते, म्हणून आवाज थोडा आपल्या तंतुवाद्यांसारखा छनछनीत येतो. गंमत अशी, की त्या वादकापुढे सगळं लिहिलेलं नसे. खर्जाचा सूर आणि त्याखाली दोन-तीन आकडे, बस्स. त्या आकड्यांवरून वरचे सूर त्याने तिथल्या तिथे भरायचे. पाश्चात्त्य संगीत म्हणजे कागदावरून जसंच्या तसं, अशी आपली समजूत असते. त्या काळापुरती तरी ती खरी नाही.

या सोनाट्याला घडी घालून दिली ती रोममध्ये राहणाऱ्या आर्कान्जेलो कोरेल्लीने. माणूस तोलून-मापून काम करणारा. उभ्या आयुष्यात सहाच संग्रह तयार केले, पहिला छापला १६८१ साली. पहिले चार सगळे त्रयी-सोनाट्यांचे. पाचवा १७०० साली निघाला, एकट्या व्हायोलिनचे बारा सोनाटे, आणि तो युरोपभर पुन्हापुन्हा छापला गेला. त्यातला शेवटचा ‘ला फोलिया’. फोलिया हा मुळात पोर्तुगालमधला जुना नाच. खालची सोळा मात्रापट्ट्यांची चाल तीच तीच फिरत राहते आणि वर व्हायोलिन दर फेरीला नवं काही मांडतं. तबल्याच्या एकल वादनात लहरा धरलेला असतो ना, अगदी तसं. आत्ता सुरुवातीला तुम्ही ऐकलात तो त्यातलाच तुकडा.

(येथे प्रसारणात ‘ला फोलिया’तील पहिल्या काही फेऱ्या ऐकवल्या होत्या. – सं.)

या संग्रहाची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. छापलेल्या पानावर हळू भागांचे सूर अगदी उघडेबोडके आहेत. लांब, साधे सूर. त्यांत मुरक्या, हरकती कुठल्या घ्यायच्या ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. १७१०च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या एका प्रकाशकाने, कोरेल्ली स्वतः वाजवी तशा नक्षीसह, म्हणून वेगळी आवृत्ती काढली आणि ती झपाट्याने खपली. आपल्या पंचवटीत शेवटच्या काळात राहिलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी गाण्यासाठी स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या लिपीत बंदिश उतरते. ती आळवायची कशी, ते गुरूपुढे बसूनच कळतं. माझी आत्या हेच सांगायची. तिच्याकडे मी नंतर येते.

आधी त्या घंटेच्या राजाकडे जाऊ. १७२१ साली पोर्तुगालच्या गादीवर पाचवा जॉन होता, जुआंव म्हणतात त्याला. ब्राझीलच्या खाणींतून सोनं येत होतं आणि राजाला हौस दांडगी. त्याने १७१९ साली इटलीहून दोमेनिको स्कार्लात्ती या संगीतकाराला लिस्बनला आणवलं. त्याच्याकडे एक काम राजकन्येला शिकवण्याचं होतं. मारिया बार्बरा तेव्हा आठ वर्षांचीही झाली नव्हती. मुलगी हुशार निघाली, हार्पसिकॉर्डवर हात बसला. सतराव्या वर्षी तिचं स्पेनच्या राजपुत्राशी लग्न झालं आणि ती माहेराहून जे घेऊन गेली त्यात तिचा शिक्षकही होता. स्कार्लात्ती मरेपर्यंत स्पेनमध्ये तिच्या पदरी राहिला. त्याचे साडेपाचशेच्या वर सोनाटे आज मिळतात. त्यांतले बहुतेक तिच्यामुळे टिकले, तिच्यासाठी नकलून बांधलेल्या वह्यांतून. हाताची अशी काही फेक त्यांत आहे, की डावा हात उजव्यावरून उडी मारून पलीकडचा सूर घेतो आणि परत येतो. एका बाईच्या बोटांत केवढं बळ होतं, ते या वह्या सांगतात. आपण मात्र नाव स्कार्लात्तीचं घेतो.

स्कार्लात्तीने हयातीत स्वतः छापलेला महत्त्वाचा संग्रह तीस सोनाट्यांचा. तो १७३८ साली लंडनमध्ये निघाला आणि अर्पण केला पाचव्या जुआंवला, म्हणजे मारिया बार्बराच्या वडिलांना. आता ही तारीख जरा आपल्या बाजूने पाहा. उत्तर कोकणची मोहीम १७३७ साली सुरू झालेली होती. राजाला सोनाटे अर्पण होत होते तेव्हा साष्टी मराठ्यांकडे गेली होती आणि वसई पुढच्या उन्हाळ्यात जायची होती. एका राजाच्या एका हातात सुरांची वही आली आणि दुसऱ्या हातातून किल्ला गेला. शाळेत आपण वसईचा वेढा शिकलो, सनावळ्या पाठ केल्या, पण समोरच्या माणसांच्या घरात कुठलं संगीत चालू होतं हे कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं तेव्हा घंटा आधीपेक्षा जास्त आपली वाटू लागली, का ते मला नीट सांगता येणार नाही.

राजकन्येला शिक्षक मिळाला. बाकीच्या मुलींचं काय? रोममध्ये १६८६ साली पोपने हुकूम काढला होता, की मुलींनी, बायकांनी, विधवांनी, कुठल्याही घरच्या असोत, पुरुष शिक्षकाकडून गाणं-वाजवणं शिकू नये. शिकवणारे बहुतेक पुरुषच, म्हणजे शिकूच नये असा अर्थ. ‘चांगल्या घरच्या मुली…’ हे वाक्य आपल्याला नवीन नाही.

तरी बायका वाजवत होत्या, पण भिंतीआड. व्हेनिसमध्ये ‘पिएता’ नावाचा अनाथाश्रम होता, चौदाव्या शतकापासूनचा. भिंतीला एक कोनाडा होता, त्यात बाळ ठेवून आई निघून जाई. काही जणी एखाद्या पदकाचा किंवा चित्राचा अर्धा तुकडा बाळाबरोबर ठेवत. दुसरा अर्धा आपल्याजवळ, पुढेमागे दिवस पालटले तर ओळख पटावी म्हणून. या मुलींतल्या ज्यांना सुराचं अंग असे, त्यांना तिथे उत्तम शिक्षण मिळे. गाणं, व्हायोलिन, चेलो, ओबो, सगळं. १७०३ साली तिथे व्हायोलिन शिकवायला एक तरुण पाद्री आला, आंतोनियो व्हिवाल्दी. त्याच्या कितीतरी रचना या मुलींनी वाजवाव्यात म्हणून लिहिलेल्या आहेत. मुली वर सज्जात, जाळीमागे बसून वाजवत. खाली दूरदेशीचे पाहुणे, सरदार, राजे बसून ऐकत. सूर यायचे, माणूस दिसायचं नाही.

या मुलींना आडनाव नसे. हिशेबाच्या वहीत त्यांच्या नावापुढे वाद्य लिहीत. आन्ना मारिया ‘व्हायोलिनवाली’ ही त्यांतली सगळ्यांत गाजलेली. व्हिवाल्दीने तिच्यासाठी म्हणून कॉन्चेर्तो लिहिले, पुढे ती तिथली मुख्य शिक्षिका झाली आणि जन्मभर तिथेच राहिली. ज्या मुली लग्न करून बाहेर पडत, त्यांना लिहून द्यावं लागे, की यापुढे शहरात जाहीरपणे गाणार-वाजवणार नाही.

आडनावाचं वाचलं तेव्हा मला गोवा आठवला. आपल्या मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर. बापाच्या नावाने नाही, गावाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या. कलावंत घरातल्या या बायकांनी कुर्डी आणि केरी ही गावं जगाच्या नकाशावर नेली. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात पृथ्वीवरचं निवडक संगीत आहे. त्यातली पहिली संगीतरचना म्हणजे बाखच्या त्या १७२१च्या सहांपैकी दुसऱ्या कॉन्चेर्तोचा एक भाग. आणि त्याच तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. पहिलं यान ऑगस्टमध्ये सुटलं, दुसरं सप्टेंबरच्या ५ तारखेला, आणि त्याच महिन्यात १६ तारखेला केसरबाई गेल्या.

गोव्यातच आणखी एक धागा आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे चर्चच्या शाळा निघाल्या. अक्षरओळखीबरोबर सुरांची लिपी आणि व्हायोलिनही शिकवलं जाई. धर्मांतराचा जाच, इन्क्विझिशनचा छळ हे सगळं त्याच काळातलं आणि तिथलंच; तेही विसरायचं कारण नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या कागदावरचे सूर वाचून वाजवणारी माणसं त्या शाळांतून तयार होत गेली. विसाव्या शतकात हीच मंडळी मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चमध्ये गायनवृंद सांभाळणाऱ्या वडिलांच्या हाताखाली शिकले, मुंबईत आले, आणि प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. ‘अमर अकबर अँथनी’तलं ते गाजलेलं नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार. जुन्या हिंदी गाण्यांत अंतऱ्याआधी व्हायोलिनांचा जो थवा उठतो, तो ऐकताना तुम्ही आम्ही सगळ्याच जणी नकळत त्या शाळांची पुण्याई ऐकत असतो.

दोन बायकांची नावं आज मुद्दाम सांगायची आहेत. पहिली आन्ना माग्दालेना. ही दरबारातली पगारी गायिका. १७२१च्याच डिसेंबरात बाखशी तिचं लग्न झालं. बाखची पहिली बायको आदल्या वर्षी वारली होती, घरात चार मुलं होती. आन्ना माग्दालेनाला पुढे तेरा मुलं झाली, त्यांतली निम्म्याहून जास्त लहानपणीच गेली. या रगाड्यात ती नवऱ्याच्या रचनांच्या नकला करत होती. एकट्या चेलोसाठीच्या त्याच्या सहा रचना आज जगातला प्रत्येक चेलोवादक वाजवतो. बाखच्या हाताची त्यांची प्रत हरवली. मुख्य आधार आहे तो आन्ना माग्दालेनाच्या हस्ताक्षराचा. नवरा १७५०मध्ये गेला. त्यानंतर दहा वर्षं तिने काढली आणि शेवटी गावाच्या दानधर्मावर जगून ती मेली.

दुसरी इझाबेला लेओनार्दा. इटलीतल्या नोवारा गावच्या मठातली जोगीण. सोळाव्या वर्षी मठात गेली, त्र्याऐंशीव्या वर्षी तिथेच वारली, मठाची मुख्य होऊन. दोनशेच्या आसपास रचना तिने केल्या, बहुतेक गायच्या, धर्माच्या. पण १६९३ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तिने बारा सोनाट्यांचा संग्रह छापला. स्त्रीने छापलेले हे पहिले सोनाटे, असं मानतात. आणि ते छापले गेले बोलोन्यात, म्हणजे ज्या पोपने तो हुकूम काढला त्याच्याच राज्याच्या गावात.

आता आत्या. माझी आत्या पलुस्करांच्या परंपरेतल्या एका गुरुजींकडे पंचवटीत व्हायोलिन शिकली. पाच वर्षं. गुरुपौर्णिमेला वाजवायची, लोक नाव काढायचे. १९६६ साली लग्न ठरलं तेव्हा सासरकडून निरोप आला, की मुलगी शिकलेली आहे ते ठीक, पण वाजवणं वगैरे आमच्याकडे नाही. कुणी रागावून बोललं नाही, भांडण नाही. व्हायोलिन माहेरीच राहिलं, पेटीसकट माळ्यावर गेलं. लिहून मात्र कुणी घेतलं नाही, व्हेनिसमध्ये घेत तसं. त्याची गरजच पडली नाही.

या भाषणाची तयारी करत होते तेव्हा मी तिला मोबाइलवर लेओनार्दाचा बारावा सोनाटा ऐकवला. त्या संग्रहात तो एकच असा आहे, की एका व्हायोलिनसाठी लिहिलेला. बाकीच्यांत दोन-दोन आहेत. आत्या आता ब्याऐंशीची आहे, कानाला यंत्र आहे. तिने मोबाइल उशीवर कानाशी धरला आणि डोळे मिटले. हळू भाग आला तेव्हा तिच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलायला लागली. मी गप्प राहिले.

संपल्यावर तिने विचारलं, “ही किती वर्षांची होती म्हणालीस?”

“त्र्याहत्तर.”

“आणि आपलं ते व्हायोलिन? माळ्यावरचं?”

मी म्हटलं, “आत्या, ते तिथेच आहे. तारा गेल्यात, घोडी पडलीय.”

“अगं, तारा मिळतात,” आत्या म्हणाली. “रविवारी खाली काढून आण.”